पाणीकपातीच्या दिवसांत परसबाग जगवताना : पाणी नेमके कुठे जाते?

वाफसा (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाणीकपात सुरू झाली की दरवर्षी आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : झाडांना पाणी किती घालावे? माझ्या मते त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. आपण घातलेल्या पाण्यापैकी मुळांपर्यंत किती पोहोचते? यंदा चैत्रात मी ते प्रत्यक्ष मोजून पाहिले आणि जे दिसले त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या गच्चीवर ३२ कुंड्या आणि पालेभाजीचे दोन छोटे वाफे आहेत. खाली जमिनीत एक लिंबू आणि एक कढीपत्ता आहे. एके दिवशी नळी गुंडाळून ठेवली आणि सगळे पाणी बादलीने मोजून घातले. ते ६८ लिटर भरले. दुसऱ्या दिवशी पाच कुंड्यांखाली खोलगट ताटल्या ठेवल्या आणि प्रत्येकीत दीड लिटर पाणी घातले. काही मिनिटांतच तीन कुंड्यांच्या ताटल्यांत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उतरले. हे पाहून मला वाटले की माती पुरेशी भिजली असेल आणि जास्तीचे पाणी बाहेर आले असेल. खात्री करण्यासाठी जास्वंदीची कुंडी खुरप्याने एका बाजूने उकरली, तेव्हा वरच्या इंचभर मातीचा चिखल झालेला होता आणि त्याखालची वीतभर माती इतकी कोरडी होती की बोटांत धरताच तिचा भुगा झाला. पाणी मातीतून गेलेच नव्हते. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये बोटाचे नख जाईल एवढी फट पडली होती आणि त्या फटीतून ते थेट तळाच्या छिद्राकडे निघून गेले होते.

याचे कारण आपल्या मातीतच आहे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा असतो, कारण कोकोपीट ओले असेपर्यंत भरपूर पाणी धरून ठेवते, परंतु एकदा पूर्ण वाळले की पाणी शोषायलाच तयार होत नाही आणि ते वरून वाहून जाते. दोन्ही प्रकारांत झाड तहानलेले राहते, खाली फरशी ओली होते आणि आपण दुसऱ्या दिवशी आणखी पाणी घालतो.

मी केलेले उपाय सांगतो. अगदी वाळलेल्या लहान कुंड्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात अर्धा तास ठेवल्या. बुडबुडे येणे थांबले की माती भिजली असे समजावे. घमेल्यात उरलेले पाणी पुढच्या कुंडीला वापरले. मोठ्या कुंड्यांच्या कडेची फट मातीत मिसळलेल्या शेणखताने बुजवली आणि जाड विणकामाच्या सुईने मातीत चार-पाच ठिकाणी खोल छिद्रे पाडली. पाणी एकदम ओतणे बंद केले. आधी अर्धा तांब्या घालून पुढच्या कुंड्यांकडे जायचे आणि दहा मिनिटांनी परत येऊन उरलेले पाणी द्यायचे, म्हणजे पहिल्या पाण्याने माती मऊ होते आणि दुसरे पाणी आत मुरते.

त्यानंतर आच्छादन केले. आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडे आणली. ती तशीच घातल्यास गोडव्यामुळे मुंग्या लागतात, म्हणून तीन दिवस कडक उन्हात वाळवली, कात्रीने तुकडे केले आणि प्रत्येक कुंडीत दोन ते तीन इंचांचा थर दिला. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी ठेवली, कारण ओले आच्छादन खोडाला चिकटून राहिले तर साल कुजते. हे सारे केल्यापासून तेवढ्याच झाडांना एक दिवसाआड ३० लिटर पाणी पुरत आहे आणि दुपारी दोन वाजता चिपाडांखाली हात घातला तर माती गार लागते.

वाफसा हा शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मूठ वळली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, अशी ती स्थिती. आपल्या प्रत्येक कुंडीत ती टिकवायची एवढेच आपले काम आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे आणि तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये, मग वेळापत्रक काहीही म्हणत असो.

आपले अनुभव अवश्य लिहावेत.

---

गोदातीर (पंचवटी)

उत्तम धागा. मोजून पाहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

मी गेली चार वर्षे मटका सिंचन, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मडक्यातून झाडांना पाणी देणे, करतो, त्याबद्दल लिहितो. चैत्र-वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती लावतात, काही घरांत तुळशीवरही लावतात. तळाला बारीक छिद्र असलेले भांडे, त्यात दर्भ किंवा कापडाची वात, आणि थेंबाथेंबाने पडणारे पाणी. उन्हाळ्यात थोडे पाणी सतत मिळावे ही समज आपल्याकडे जुनीच आहे. मटका सिंचनात हेच काम मातीखाली होते. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शंगचिर यांच्या शेतीविषयक लिखाणात जमिनीत पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आहे, म्हणजे ही युक्ती निदान दोन हजार वर्षे वापरात आहे.

मडके साधे, भाजलेले, आतून-बाहेरून रंग न लावलेले घ्यावे. रंगाने किंवा चकाकीने त्याची छिद्रे बुजतात. विकत घेताना त्यात पाणी भरून तासभर ठेवावे; बाहेरून ओलसर झाले तर ते कामाचे आहे, आणि थेंब ओघळू लागले तर त्याला चीर असण्याची शक्यता आहे. मडके गळ्यापर्यंत मातीत पुरावे, पाणी भरावे आणि तोंडावर पणती किंवा कौलाचा तुकडा झाकावा. झाकण नसेल तर डास होतात आणि पाणी उडून जाते. यातील खरी खुबी अशी की, भोवतालची माती कोरडी होत जाते तसतशी ती मडक्यातून अधिक पाणी ओढते आणि ओली असते तेव्हा ओढणे मंदावते. त्यामुळे झाडाला किती हवे हे आपल्याला ठरवावे लागत नाही.

जमिनीतल्या दुधी-दोडक्याच्या वेलांना आणि वांग्या-टोमॅटोला याचा फार चांगला उपयोग होतो. पाच लिटरच्या एका मडक्याभोवती मी चार रोपे लावतो. लहान कुंडीत मात्र मडके पुरू नये, कारण मुळांची अर्धी जागा तेच व्यापते.

---

आखाजी (सातपूर)

गोदातीर यांच्या प्रतिसादाला जोडून एक छोटी भर. आमचे मूळ गाव खानदेशातले. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पितरांसाठी घागर पुजतो. सण झाल्यावर ती पाणी पिण्यासाठी वापरली जाते किंवा माळ्यावर पडून राहते. गेल्या वर्षी सासूबाईंना विचारून जुन्या तीन घागरी कढीपत्त्याच्या आणि शेवग्याच्या आळ्यात पुरल्या. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की आता रोज सकाळी घागरीत पाणी आहे का हे त्याच पाहतात.

---

गच्चीवरची (सिडको)

माझा अनुभव कटू आहे आणि तो सांगितला तर कदाचित दुसऱ्या कोणाची झाडे वाचतील, म्हणून लिहिते. पाणी वाया जाऊ नये म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी धुण्याच्या यंत्रातून निघणारे सगळे पाणी पिंपात साठवून गुलाबाला आणि तुळशीला घालत होते. पहिले तीन आठवडे काही जाणवले नाही. त्यानंतर गुलाबाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, तुळस वरून वाळत आली, आणि मातीवर पाणी घातले की ते मुरेनासेच झाले. वर डबके होऊन राहायचे. पिंपातल्या पाण्याला दुसऱ्या दिवसापासून घाण वास येऊ लागला होता तो निराळाच. तुळस गेली. माझी नेमकी चूक काय झाली आणि सांडपाणी वापरायचे तर कसे वापरायचे, हे कोणी जाणकार सांगेल का?

---

वाफसा (इंदिरानगर)

ताई, तुळस गेल्याचे वाचून वाईट वाटले. तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत ती सोडियमची आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. काळ्या मातीत सोडियम साठला की मातीचे कण सुटे होतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या बुजतात आणि माती घट्ट होऊन पाणी मुरत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. तुमच्या कुंडीत छोट्या प्रमाणावर तेच घडले. त्या मातीत भरपूर शेणखत आणि थोडा जिप्सम मिसळून पावसाळ्यात ती दोन-तीनदा चांगली धुऊन निघू द्यावी. फेकून देण्याची गरज नाही.

सांडपाण्याचे मी माझ्यापुरते असे वर्ग केले आहेत. तांदूळ, डाळ, भाजी आणि फळे धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला निर्धास्त घालावे. भाज्या उकडलेले पाणी मीठ घातलेले नसेल तर गार करून घालावे. अंघोळीचे पाणी साबण कमी असेल तर फुलझाडांना आणि मोठ्या झाडांना चालते. धुण्याचे पहिले पाणी बागेत आणूच नये. शेवटच्या खळबळण्याचे पाणी चालते, तेही आलटून पालटून आणि आठवड्यातून एकदा साधे पाणी देऊन. फिनेल किंवा ब्लीच असलेले, फरशी पुसलेले पाणी अजिबात नको. कोथिंबीर, मेथी, पुदिना यांसारख्या पानांना सांडपाणी लागू देऊ नये. आणि कोणतेही सांडपाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नये, कारण नंतर ते कुजते.

पूर्वी आपल्याकडे मोरीचे पाणी परसात सोडत आणि तिथे अळू, केळ, कर्दळ लावलेली असे. ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती, कारण या झाडांना पाण्याचा सोस असतो, त्यांची मुळे दाट असतात आणि साबणाचे थोडेफार प्रमाण ती सहन करतात. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी न्हाणीचे पाणी वाळू-खडीच्या लहान चरातून कर्दळीच्या ताटव्याकडे वळवावे. मोरीच्या अळूची भाजी मात्र नीट शिजवूनच खावी.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राबद्दलही विचारले जाते, म्हणून आत्ताच लिहितो. त्यातून एक लिटर पिण्याचे पाणी मिळताना साधारण तीन लिटर बाहेर टाकले जाते. मूळ पाणी धरणाचे असेल तर ते बागेला वापरता येते. मूळ पाणी बोअरचे असेल तर त्यात क्षार आधीच जास्त असतात आणि टाकाऊ पाण्यात ते आणखी दाट होतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की ते पाणी थांबवावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, त्याखाली बादली जरूर ठेवावी.

---

कोरडवाहू (नाशिकरोड)

मला थोडे वेगळे बोलायचे आहे आणि कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही. माझे माहेर येवला तालुक्याच्या पूर्व भागात आहे. आपल्या एकाच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. फेब्रुवारी सरला की टँकरची वाट पाहणे सुरू होते. माझ्या वहिनीने टँकरमधून मिळालेल्या दोन ड्रममध्ये घरातली माणसे आणि जनावरे भागवायची आणि मी इथे मोगऱ्याला पाणी घालायचे, हे मला काही केल्या पटत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आपले रामकुंड कोरडे पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. शहरालाही पाण्याची शाश्वती नाही. अशा वर्षी बाग जगवण्याचा आग्रह धरावा का?

---

वाफसा (इंदिरानगर)

हा प्रश्न इथे यायलाच हवा होता आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. माझ्या घरी आम्ही असा नियम केला आहे की दुष्काळी वर्षात नळाचे ताजे पाणी थेट बागेत जाणार नाही. घरात एकदा वापरलेले पाणीच बागेला मिळेल. एक दिवसाआड लागणारे ३० लिटर पाणी आमच्या पाच माणसांच्या स्वयंपाकघरातून आणि न्हाणीतून निघते. त्यात जेवढे जगेल तेवढेच जगवायचे.

त्यासाठी प्राधान्य ठरवावे लागते. लिंबू, आंबा, नारळ, कढीपत्ता यांसारखी झाडे गेली तर आठ-दहा वर्षांची वाढ जाते, म्हणून पहिले पाणी त्यांचे. सदाफुली, बोगनवेल, कण्हेर, अडुळसा, कोरफड यांना फारसे काही लागत नाही. मेथी-पालकाचे वाफे मी मार्चअखेर मोडून टाकतो आणि ती जागा पाचोळ्याने झाकून ठेवतो. हिरवळीला उन्हाळ्यात पाणी देणे पूर्ण बंद करावे. आपली हरळी पिवळी पडते पण मुळे जिवंत राहतात आणि मृगाच्या सरींनंतर ती पुन्हा फुटते. विदेशी हिरवळ असेल तर ती जाईल, हे स्वीकारावे.

वहिनींच्या ड्रमची गोष्ट सांगितल्याबद्दल आभार मानतो, ताई. ती माझ्या लक्षात राहील.

---

कोरडवाहू (नाशिकरोड)

वापरलेल्या पाण्याचा नियम मला मान्य आहे. माझ्या मोगऱ्याला आजपासून तांदळाचे पाणी.

---

बोदावरचा (दिंडोरी)

मी द्राक्ष बागायतदार आहे आणि घरामागे थोडी परसबाग आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नवी फूट येण्यासाठी वेलीची खोलवर छाटणी, होते आणि नंतरच्या ऐन उन्हाळ्यात वेलीला नवी फूट जगवावी लागते, म्हणून पाण्याचा हिशेब आम्हाला रोजचाच आहे. बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंच वरंब्यावर, उसाचे पाचट अंथरणे आणि त्याखालून ठिबकची नळी नेणे हे दोन्ही एकत्र केले तरच पुरेसा फायदा होतो. नुसते ठिबक उघड्या मातीवर चालवले तर ओला झालेला वर्तुळाकार भाग उन्हाने तापतो आणि बरेच पाणी वाफ होऊन जाते.

घरगुती बागेसाठी मीटरभर उंचीवर ठेवलेली टाकी आणि ताशी दोन लिटरचे आठ-दहा ड्रिपर पुरतात. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात, तेव्हा ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालावेत. सांडपाणी ठिबकमधून देऊ नये, नळी हमखास तुंबते.

आता ताणाविषयी. लिंबाला बहार धरण्यासाठी, म्हणजे फुले एकदम यावीत म्हणून, आपण मुद्दाम पाणी तोडतो. झाडाला थोडा ताण सोसतो, कधी उपयोगीही पडतो. मात्र तो ओळखता आला पाहिजे. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी देऊ नये. कडक उन्हात मुळे पुरवतात त्याहून जास्त पाणी पानांतून जाते आणि संध्याकाळी पाने आपोआप सावरतात. पहाटेही पाने लोंबलेली असतील तर मात्र माती खरोखर कोरडी आहे, त्याच वेळी पाणी द्यावे. या काळात युरिया किंवा नत्राचे कोणतेही खत देऊ नये, कारण कोवळी फूट आली की पाण्याची गरज वाढते. मे महिन्यात कुंडी बदलणेही टाळावे.

डाळिंब आणि लिंबूवर्गीय बागांत केओलिनची (बारीक पांढऱ्या मातीची) आठ टक्के फवारणी करतात, म्हणजे एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम. पानांवर पांढरा थर बसतो, ऊन परावर्तित होते आणि पानांतून होणारे बाष्पीभवन कमी होते. घरच्या लिंबाला ती करता येईल. तुळस आणि पालेभाज्यांवर करू नये.

---

पश्चिमेची खिडकी (पाथर्डी फाटा)

एक साधी गोष्ट लिहिते. पश्चिमेच्या भिंतीलगत एका ओळीत ठेवलेल्या कुंड्या मी गच्चीच्या पूर्व कोपऱ्यात एकमेकींना चिकटून ठेवल्या, मोठ्या बाहेर आणि लहान आत, आणि वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली. कुंड्यांखाली विटा ठेवल्या, कारण तापलेला स्लॅब खालून माती भाजून काढतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळले. पूर्वी रोज पाणी मागणाऱ्या कुंड्या आता तिसऱ्या दिवशी मागतात.

---

गच्चीवरची (सिडको)

सर्वांचे आभार. जिप्समचा प्रयोग करते. दोन शंका आहेत. पिंपात पाणी साठवल्यावर डास होणार नाहीत यासाठी काय करावे? आणि वळवाचा पाऊस आला तर तो साठवण्याइतका असतो का?

---

वाफसा (इंदिरानगर)

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून पिंपाच्या तोंडावर जुन्या सुती धोतराचे दुहेरी कापड ताणून दोरीने आवळावे आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस पिंप पूर्ण रिकामे करून आतल्या कडा काथ्याने घासाव्यात. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी राहूनही टिकतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हेच लागू आहे.

वळवाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची ५० चौरस मीटर असेल आणि २० मिलिमीटरची एक सर आली, तर एक हजार लिटर पाणी पडते. त्यातले दोनशे लिटर वाया गेले असे धरले, तरी माझ्या बागेच्या हिशेबाने उरलेले पाणी पन्नासहून अधिक दिवस पुरले असते. ते सगळे साठवायला आपल्याकडे जागा नसते ही गोष्ट वेगळी, पण दोन पिंपे तर नक्की भरतात. पहिल्या सरीच्या सुरुवातीच्या दहा मिनिटांचे पाणी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा घेऊन येते, ते वाहू द्यावे आणि त्यानंतर पन्हाळीचा पाइप पिंपात सोडावा. आमच्याकडे पाइपच्या तोंडाला गाळणीचे कापड बांधून ठेवले आहे आणि पिंपे आजच घासून पालथी घातली आहेत.